सोलापूर ते लंडन: तिकिटावरचे तास आणि खरे तास

जुलै 2025 मध्ये लेकीच्या पदवीदानाला लंडनला जायचं होतं. व्हिसा झाला, बॅगा भरून झाल्या. ह्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिलंच विचारलं, "घरातून निघाल्यापासून तिथल्या घरी टेकेपर्यंत एकूण तास किती? जेवणं कधी?"

तिकिटावर होतं मुंबई 13:30, हीथ्रो 19:00, तारीख तीच. दीर खूश. "वहिनी, साडेपाच तासांत लंडन! आपल्या वंदे भारतला मुंबई गाठायलाच साडेसहा लागतात."

पण तिकिटावरची वेळ ज्या-त्या गावची असते. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे तेव्हा लंडन आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे तिथले 19:00 हे आपले रात्रीचे साडेअकरा. प्रवास दहा तासांचा.

दिरांनी लगेच गुणाकार-भागाकार मांडला. सरळ अंतर साधारण 7,200 किलोमीटर, विमान ताशी 900, मग आठच तास हवेत! हिशेब चोख, पण सरळ वाट आभाळातही मिळत नाही. युक्रेनचं आकाश 2022 पासून बंद, पाकिस्तानचं एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना बंद. वळसा आलाच. शिवाय इतक्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणजे जाताना समोरून. शेजारचे काका म्हणत होते की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा लंडनच आपल्याकडे सरकत येईल. तसं असतं तर हेलिकॉप्टरने नुसतं वर थांबून अरब देश गाठता आले असते. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते हो.

खरा वेळ खाल्ला तो आपल्या इकडच्या 450 किलोमीटरनी. सोलापुरात होटगी रोडच्या विमानतळावरून मुंबईचं विमान तेव्हा सुरू झालेलं नव्हतं, म्हणून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. वंदे भारत सकाळची. ती दुपारी पोचते, तोवर आमचं विमान धावपट्टीवर. पावसाळ्यात गाडीचा भरवसा नाही, आणि विमानतळावर तीन तास आधी हजर व्हायचं. रात्री साडेनऊला घराला कुलूप लावलं ते लेकीच्या दारात तिथले साडेनऊ वाजता पोचलो. दारापासून दारापर्यंत साडेअठ्ठावीस तास!

हा हिशेब मी आधीच वहीच्या पानावर मांडला होता, सगळा भारतीय वेळेत. डॉक्टरांनी त्याच पानावर गोळ्यांच्या खुणा करून दिल्या. ह्यांचं घड्याळ लंडनला उतरेपर्यंत बदलू दिलं नाही. गोळ्या, चिठ्ठी आणि कडक भाकरी-शेंगाचटणी हातातल्या पिशवीत. विमानातलं जेवण कधी पुढ्यात येईल त्याचा नेम नव्हता. मोठ्या बॅगेत दोन चादरी बसल्या, तिसरी वजनकाट्याने परत घरात पाठवली.

समोरच्या पडद्यावर नकाशा आणि वेग दिसतो. जाताना आकडा ताशी 800 च्या आसपास रेंगाळत होता. परतीला वारा पाठीशी, तर 980 पर्यंत गेला. तासभर वाचला, पण रात्र चटकन संपली, नाश्ता समोर आला तेव्हा पोटाच्या हिशेबाने मध्यरात्रच होती. परतीचं पान म्हणूनच वेगळं लिहून घेतलं होतं.