पाषाणची वॉक-इन आणि उरलेले महिने

बार्शीहून रात्रीची एसटी धरली, पहाटे पाचच्या आत स्वारगेट. मेट्रो सहाला सुरू होते, तोवर दोन चहा झाले. शिवाजीनगरला उतरून पाषाणची पीएमपी बस. संशोधन प्रकल्पातल्या एका जागेसाठीची वॉक-इन (थेट मुलाखत) साडेनऊची, म्हणून मी अगदी निवांत. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात 'अर्ज ठरावीक नमुन्यातच, फोटोसह' असं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. हातात नुसता बायोडेटा, आणि झेरॉक्सवाला दहाला उघडणार. रांगेतल्या एका मुलीने तिच्याकडचा जादाचा फॉर्म दिला. (दोन काढून आणले होते, शहाणी!)

समोर तिघे बसले होते. एमएस्सी बॉटनीचं डिझर्टेशन (प्रबंध) उघडलं आणि थेट जेलच्या फोटोवर आले, म्हणजे डीएनए पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दिसतो त्या फोटोवर. एका सरांनी शेवटच्या लेनवर (नमुन्याच्या रांगेवर) बोट ठेवलं. "ही कसली?" म्हटलं, निगेटिव्ह कंट्रोल, डीएनए न घालता, म्हणजे तिथे काहीच दिसायला नको. "मग इथे बँड का दिसतोय?" खरंच, पुसट बँड होता. दोन वर्षांत मला दिसला नव्हता! कंटॅमिनेशन (बाहेरच्या डीएनएची भेसळ) झालं असणार, म्हटलं. पुढची दहा मिनिटं ते कसं शोधणार, कुठला रिएजंट (प्रयोगातलं रसायन) आधी बदलणार, यावरच गेली. तेव्हा स्वतःच्या प्रयोगांचे फोटो दुसऱ्याच्या नजरेने एकदा बघून जा.

प्रतीक्षा यादीत पहिलं नाव माझं. खट्टू होऊन चहाला गेले, तर फॉर्मवाली तिथेच. निवड तिची झाली होती, पण तिने आत विचारून घेतलं होतं: प्रकल्पाचे किती महिने उरलेत? पाच. आधीचा माणूस मध्येच सोडून गेलेला. तीन वर्षांच्या प्रकल्पाची जागा म्हणून जाहिरात वाचायची आणि पाच महिन्यांसाठी कॉट बेसिसचं (खोलीतल्या एका खाटेचं) डिपॉझिट भरायचं! हा प्रश्न विचारायला लाजू नका. त्याच्या जोडीला दुसरा: या जागेवर पीएचडीची नोंदणी करता येईल का? नावात 'जेआरएफ' (ज्युनिअर रिसर्च फेलो) असलं तरी प्रकल्पाची जेआरएफ आणि नेटची (राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) जेआरएफ वेगळी. नेटची फेलोशिप तुमच्या नावावर असते, दरमहा ३७,००० आणि वर घरभाडे भत्ता. दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालं की ४२,०००. प्रकल्पाची जागा प्रकल्पाबरोबर संपते.

दुपारी विद्यापीठात गेले. पुण्यात एकाच फेरीत बरंच उरकतं: संशोधन संस्था जवळजवळ आहेत. पाषाण रस्त्यावर एनसीएल (रसायनशास्त्र), आयसर (विज्ञान शिक्षण), आयआयटीएम (हवामान), विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए (खगोलशास्त्र), एनसीसीएस (पेशीविज्ञान). आघारकर संशोधन संस्था तेवढी लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला. पण नुसतं दार ठोठावून काही होत नाही. आधी ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांचा एखादा पेपर वाचून चार ओळींची मेल टाका, भेटीची वेळ मागा.

सारथी (मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी) आणि बार्टी (अनुसूचित जातींसाठी) या राज्य सरकारच्या संस्था, दोन्हींची मुख्यालयं पुण्यातच. त्यांच्या पीएचडी फेलोशिपसाठी आधी पीएचडीची नोंदणी लागते, त्यामुळे फेलोशिपच्या भरवशावर प्रवेश लांबवू नका. जात पडताळणीचं प्रमाणपत्र मात्र आजच फाईलला लावा, ऐनवेळी ते मिळत नाही.

पुढची वॉक-इन सोमवारी आहे. फॉर्मच्या तीन प्रती काढल्यात.