रॉकेलविना सापळा

प्रकाश सापळा हा शब्द आमच्या घरात नवा नाही. वळीव पडला की आबा उसाच्या बांधावर बल्ब टांगायचे, खाली घमेल्यात पाणी आणि वर रॉकेल. सकाळी घमेलं उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांनी भरलेलं असायचं. मधूनच त्यात एखादा मोठा पतंग तरंगत असायचा, पंखांवरची रंगीत पूड धुऊन गेलेला. तो जिवंतपणी कसा दिसत असेल, एवढ्या एका कुतूहलापोटी मी गेल्या जूनमध्ये पाटण तालुक्यातल्या माहेरी, परसात, सापळा लावायला घेतला. घमेलं वगळून.

पहिली रात्र फुकट गेली. दोरीवर पांढरी चादर, चार चिमटे आणि पुढे घरातलाच एलईडी बल्ब. दोन तासांत चिलटं, चार तुडतुडे आणि एक पाल. चूक बल्बची होती. पतंगांना अतिनील किरण चांगले दिसतात आणि घरगुती एलईडीत ते जवळपास नसतातच. मग कराडला एका जुन्या दुकानात १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब मिळाला, चोक न लागणारा. दुकानदाराने तो माळ्यावरून काढून फुंकर मारूनच हातात दिला.

दुसऱ्यांदा मुद्दाम अमावस्येच्या आदली रात्र धरली. चांदणं असलं की बल्बाचा जोर कमी पडतो. आभाळ भरलेलं, वारा नाही, उकाडा. साडेसातला बल्ब लावला आणि आधी आली ती पंख फुटलेली वाळवी. चादर दिसेना! केसांत, ब्लाउजमध्ये, चहात वाळवी. चादरीखाली दोन बेडूक येऊन पंगतीला बसावेत तसे बसले. खरं सांगायचं तर मी तेव्हाच आवरतं घेणार होते. पण तासाभरात वाळवी पंख टाकून जमिनीत गेली आणि मग पतंग यायला लागले.

नेमकी तेव्हाच लाईट गेली. दहा मिनिटांनी आली, पण बल्ब काही लागेना. उडाला समजून मी हळहळत बसले, तर थोड्या वेळाने तो आपणहून मिणमिणत पेटला. मर्क्युरी बल्ब गार झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही, हे असं कळलं. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की मात्र तो खरंच तडकतो, म्हणून वर पत्र्याचा तुकडा बांधला होता.

बल्ब आधी जमिनीलगत ठेवला होता. त्याच्यावरून जाणारे पतंग हवेतच उलटे होऊन धपकन खाली पडत. बल्ब वर टांगला तेव्हा ते थांबलं. पतंग उजेडावर भाळत नाही, तो उडताना पाठ उजेडाकडे ठेवतो; रात्री उजेड म्हणजे आभाळ, हा त्याचा हिशेब. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात हेच दाखवलंय. त्यात कण्हेरीवरचा हॉक मॉथ हा मोठा पतंग मात्र अपवाद निघाला होता.

आणि माझ्याकडे अकराच्या सुमारास तोच आला. बल्बाला वळसाही न घालता दोनदा सरळ निघून गेला, तिसऱ्यांदा चादरीच्या कडेला टेकला. शेवाळी हिरवा, त्यात गुलाबी आणि पांढुरके पट्टे, जणू कुणी इरकलीचा तुकडा घडी करून ठेवलाय. बोटावर घेतला तर पंख थरथरवायला लागला. घाबरून नव्हे; उडण्याआधी अंग तापवून घेतात ते. बोटाला ती थरथर मोबाईल व्हायब्रेट व्हावा तशी लागत होती. मिनिटभरात गेला. आईच्या तगरीची पानं खाणारी, निळ्या डोळ्यांची जाड हिरवी अळी दरवर्षी आम्ही काडीने काढून टाकत आलोय. ती याचीच.

दुसरा पाहुणा वाळक्या पानासारखा. पंख हलवले तेव्हा आतले नारिंगी पंख दिसले, त्यावर काळी वाकडी खूण. हा सोंडेने फळाला भोक पाडून रस पितो, संत्रा-मोसंबीवाल्यांचा वैरी. अळ्या गुळवेलीवर वाढतात आणि आमच्या लिंबावर गुळवेल आहेच. बाकी तीसएक फोटोंतले निम्मे अजून ओळखायचेत. फुलपाखरांना मराठी नावं मिळाली, राणी पाकोळी तर राज्य फुलपाखरू झालं. पतंगांच्या बारशाला अजून कुणी आलेलं नाही.

पहिल्या दिवशी एक घोडचूक झाली होती: चादर सकाळपर्यंत तशीच ठेवली. उजाडताच दयाळ आणि बुलबुलांनी ताटावर बसावं तसं त्यावरचं होतं नव्हतं ते टिपलं. म्हणून या वेळी पहाटे चारला बल्ब बंद करून चादर झुडपात झटकायची ठरवली.

आबा मधूनमधून येऊन बघून जायचे. हॉक मॉथचा फोटो बघून विचारलं, “हे उसाला लागतं का गं?”

“नाही आबा, तगर खातं.”

“मग असू दे,” म्हणाले आणि झोपायला गेले.

मला खुर्चीतच डोळा लागला. जाग आली ती आबांच्या हाकेने. “ऊठ गं, दयाळ बोलायला लागला. बल्ब मालवलाय मी, चादर तेवढी झटक.”