तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एडिट कशात करता?’

पक्ष्याचा फोटो दाखवला की पहिला प्रश्न लेन्सचा आणि दुसरा हाच. परवा पुण्याजवळ कवडीपाटच्या बंधाऱ्यावर एका मुलानेही विचारलं, “काका, तुमचा प्रीसेट द्याल का?” प्रीसेट म्हणजे एका क्लिकवर फोटोला लागणारं तयार एडिट. त्याच्या गळ्यातला कॅमेरा माझ्या कॅमेऱ्यापेक्षा भारी होता. प्रीसेट माझ्याकडे नाहीच. घाईत “सांगतो सावकाश” म्हणालो, ते आता सांगतो.

माझा एक फसलेला फोटो आहे. ह्याच बंधाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी उभ्यानेच काढलेला शेकाट्या, लांब पायांचा पाणपक्षी. शटर 1/2000 सेकंद, डोळा धारदार, डोळ्यात उन्हाचा ठिपकासुद्धा. घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं तर त्याच्या मागे चिखल, दगड, चपलेचा पट्टा, सगळं तितकंच स्पष्ट. मग दोन तास मास्क लावून, म्हणजे पक्षी वगळून, फक्त मागचं धूसर केलं, काळवंडलं. शेवटी पक्षी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. कडेला ती पांढरट रेघ येते ना, ती एकदा दिसली की पुन्हा न दिसणं अशक्य.

चूक एडिटची नव्हती, माझ्या उभं राहण्याची होती. वरून खाली पाहिलं की पक्ष्यामागे येते ती त्याच्यापासून हात-दोन हातांवरची जमीन, आणि लेन्स तीही बऱ्यापैकी साफ दाखवते. पुढच्या रविवारी पोटावर पडलो, कॅमेरा शेकाट्याच्या डोळ्याच्या उंचीला आणला. आता त्याच्या मागे थेट पलीकडचा काठ आला, तो इतका लांब की नुसता हिरवा-तपकिरी रंग उरला. मग कोपरावर वीतभर डावीकडे सरकलो, कारण काठावरचा एक पांढरा ठिपका नेमका त्याच्या डोक्यामागे येत होता. एवढं सरकणं हेच माझं सगळ्यात मोठं एडिट. शिवाय पडून राहिलं की पक्षी हळूहळू स्वतःच जवळ येतात. चालत गेलात तर शेकाट्या ओरडून सगळा बंधारा उठवतो.

चौकटीचे तीन भाग करून पक्षी कडेच्या रेघेवर ठेवायचा, चोचीपुढे जागा सोडायची, हे सगळ्यांना पाठ असतं. धोबी पक्षी धावत असेल, नदी सुरय उडत असेल तर ते खरंच. पण स्थिर पाण्यातला शेकाट्या, त्याचे ते लांबलचक गुलाबी-लाल पाय आणि खाली त्यांचं प्रतिबिंब मिळून एकच उभा आकार होतो. त्याला मी बिनधास्त मधोमध ठेवतो, कॅमेरा उभा धरून. प्रतिबिंब गुडघ्यात तोडलेला फोटो मला पक्ष्याचे पाय तोडल्यासारखाच वाटतो.

म्हणून काढताना थोडं सैल काढा. फार सैलही नको. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 बाय 4000. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केलीत तर 3000 बाय 2000, म्हणजे फक्त 6 मेगापिक्सेल. निम्मं कापलं म्हणता म्हणता तीन चतुर्थांश गेलेलं असतं.

आता पडद्यापुढचं काम, ते थोडंच आहे. शंभरातले नव्वद आधी उडवतो. मग पाणी सरळ करतो, कारण कललेल्या पाण्याइतकं काहीच खटकत नाही. शेकाट्याची छाती पांढरी, पाठ काळी. ऊन चढलं की फोटोत छाती जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक होते, आणि जळालेल्या पिसांत परत आणण्यासारखं काही शिल्लक नसतं. म्हणून काढतानाच एक्स्पोजर उणे 0.7 ठेवतो, म्हणजे फोटो थोडा काळसर, आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. घरी पाठीचा काळोख थोडा उचलला की नराच्या पिसांतली हिरवट झाक दिसते. शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, फक्त पक्ष्याला, पाण्याला नाही. रंगाच्या स्लायडरला शक्यतो हातच लावत नाही. रात्री केलेलं सकाळी चहाबरोबर पुन्हा पाहतो आणि बहुतेक वेळा निम्मं मागे घेतो.

राहिला कचरा. मुळा-मुठेचं इथलं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना फेस आणि प्लास्टिक वेगळं सांगायला नको. एकदा शेकाट्याच्या पायाशी अडकलेली दुधाची पिशवी मी फोटोतून पुसली. फोटो पाहून एका ओळखीच्यांनी विचारलं, “कुठला हो हा तलाव? किती स्वच्छ!” कवडीपाट म्हणताना माझीच जीभ अडखळली. तेव्हापासून सरकून किंवा कापून टाळता येतं ते टाळतो, पण पक्ष्याच्या पायाशी आहे ते पुसत नाही. कोपऱ्यात घुसलेली गवताची काडी मात्र खुशाल पुसतो. ह्यात तर्क थोडा लंगडा आहे, माहीत आहे मला.

तेव्हा त्या मुलासाठी आणि तुमच्यासाठीही: सॉफ्टवेअर जे हाताशी असेल ते चालेल. येताना एक जुनं गोणपाट मात्र आणा. त्या काठावर नुसतंच लोळलात तर शर्टाचा वास दोन धुण्यांतही जात नाही.