तलावकाठचे तीन दिवस आणि उसनं जिंबल

पहिल्या पहाटे तलावावर पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि खांद्यावर ट्रायपॉड. त्यावर माझं जुनं बॉलहेड, म्हणजे नॉबनं सैल-घट्ट होणारा गोळा, ज्यावर कॅमेरा बसतो. निसर्गदृश्यं टिपताना त्यानं मला कधी दगा दिला नव्हता. या खेपेला मात्र त्यावर ६०० मिमी एफ/४ची लेन्स होती, कॅमेऱ्यासकट साधारण ४ किलो.

ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, आला. घिरट्या घालता घालता एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि अचानक पाय पुढे काढून पाण्यावर झेपावायचा. माझी इकडे कसरत! नॉब सैल केला की लेन्स लोळते, आवळला की पक्षी फ्रेमबाहेर. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) ६०० मिमीला जेमतेम ४ अंशांचा तुकडा दिसतो. त्यातून निसटलेला पक्षी पुन्हा सापडेपर्यंत सगळा खेळ आटोपलेला असतो. एकदा घाईत हात सुटला, लेन्स पुढे कोसळली आणि हूड (लेन्सच्या तोंडावरची नळी) ट्रायपॉडच्या पायावर आपटलं. काच वाचली. ऑस्प्रेनं मासा उचलला, तो मी नुसत्या डोळ्यांनी पाहिला.

दोष बॉलहेडचा नव्हताच. तिथे सगळं वजन गोळ्याच्या वर बसतं, जरा कललं की पडणारच.

दुसऱ्या दिवशी सोबतच्या मित्रानं त्याचं जिंबल दिलं, म्हणजे जड लेन्स झुलती धरणारं ट्रायपॉडचं हेड. मी सवयीनं दोन्ही नॉब आवळले, तर तो हसला. "अरे, आवळतोस काय? आधी तोल साध." जिंबलमध्ये लेन्स झोळीत ठेवल्यासारखी असते आणि तिचा गुरुत्वमध्य आडव्या अक्षावर आणायचा असतो. आधी लेन्सच्या पायाची प्लेट पुढेमागे सरकवायची, नाक खाली जाणार नाही आणि वर उठणार नाही अशी. मग उंची. लेन्स ४५ अंश वर रोखून हात काढायचा. ती आपोआप आडवी झाली तर जास्त खाली बसली आहे. आणखी कलंडली तर जास्त वर. मिलिमीटर-मिलिमीटर करत माझी वीस मिनिटं गेली. पण मग लेन्स ज्या कोनात सोडावी त्याच कोनात थांबू लागली, नॉब सैल असतानाही! टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) चढवला की हे सगळं पुन्हा. झूम करताना लांबणारी लेन्स असेल तर तोल वापरता वापरताच हलतो, तिथे थोडं घर्षण ठेवावं लागतं.

काठ उतरता होता, त्यामुळे पॅन करताना, म्हणजे लेन्स डावीउजवीकडे फिरवताना, क्षितिज तिरपं व्हायचं. ट्रायपॉडचे पाय कमीजास्त करून तळ सपाट केला तेव्हा कुठे ते थांबलं. मधला दांडा मात्र मी वर काढतच नाही. इतक्या लांब लेन्सखाली तो काठीसारखा थरथरतो.

मित्र स्वतः फ्लुइड हेडवर (आतल्या दाट द्रवामुळे संथ फिरणारं हेड) व्हिडिओ घेत होता. त्याची संथ, तेलकट चाल पाहून हेवा वाटला. पण झेपावणाऱ्या पक्ष्यामागे मला तरी ते सुस्त वाटतं. दिवसभर चालायचं असेल तर मी अजूनही हलकं बॉलहेडच नेईन, जिंबलचं धूड नाही.

तिसऱ्या सकाळी ऑस्प्रे पुन्हा आला. डावा हात लेन्सवर नुसता टेकवलेला, १/३२०० सेकंद, आणि तो थांबल्यापासून पाण्यात शिरेपर्यंत सलग फ्रेममध्ये. चाळीसेक फ्रेम मिळाल्या. मासा घेऊन वर उठतानाच्या सगळ्यात चांगल्या फ्रेममध्ये माशाची शेपटी कापली गेली आहे.