तिन्हीसांजेचा फॉल्ट

मी दुरुस्तीला गेलो की त्यांचं नेट चालू असायचं. त्या घराचा एवढाच काय तो त्रास होता.

डोंबिवली पूर्वेला जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर काका-काकू दोघंच. लेक टोरांटोला. रात्री आठच्या सुमाराला, म्हणजे तिच्या सकाळी, तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि नेमका तोच लागायचा नाही. कधी लेकीचा चेहरा अर्धा येऊन थिजायचा, कधी ओएनटीवर, म्हणजे फायबरमधला प्रकाश घेऊन त्याचं नेट करणाऱ्या घरातल्या डबीवर, सरळ लॉसचा लाल दिवा, म्हणजे प्रकाशच येत नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी धापा टाकत वर पोचायचो, तर सगळे दिवे हिरवे. १०० एमबीपीएसचा प्लॅन, वायर लावून बघितलं की ९४.

आमच्याकडे तक्रार आली की तिकीट उघडतं आणि काम झालं की ग्राहकाच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून ते बंद होतं. ऑगस्टपासून त्या घराची तीन तिकिटं मी बंद केली होती, दोन आमच्या दुसऱ्या पोराने. पहिल्या वेळी हिरवा कनेक्टर स्पिरिटने पुसला. दुसऱ्या वेळी ओएनटीला जोडणारी छोटी फायबर वायर, म्हणजे पॅचकॉर्ड, आणि अडॅप्टर बदलला. तिसऱ्या वेळी अख्खा ओएनटीच नवा दिला. आमचा पोरगा तर दोन्ही वेळा "संध्याकाळी लोड येतो काका" एवढं बोलून उतरला होता. लोडने नेट रांगतं, पण लॉसचा दिवा लाल होत नाही. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण तिसरा मजला, दिवसाला बारा कॉल, आणि समोर नेट चालू.

डिसेंबरात सहावं तिकीट आलं तेव्हा निघण्याआधी मी कंट्रोल रूमच्या मुलाला लॉग काढायला सांगितलं. घरची लाइट गेली, तर ओएनटी बंद पडता पडता एक शेवटचा निरोप वर पाठवतो. त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात. मरताना दिलेला आचका. या घराचा असा आचका एकदाही आलेला नव्हता. प्रत्येक वेळी प्रकाशच तुटला होता. म्हणजे वीज नाही, अडॅप्टर नाही, ओएनटीही नाही. मी बदललेली प्रत्येक वस्तू चांगली होती.

त्या दिवशी मुद्दाम साडेपाचला गेलो. काका दारातच म्हणाले, "आज उशिरा उगवलास." आणि टीव्हीखालच्या कप्प्यातून एक वही काढून माझ्या हातात दिली. काका मध्य रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नोंदी करायचा हात गेलेला नाही. तारीख, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ, शेरा. ऑगस्टच्या पानावर १९.०५, १९.००, १९.१०. सप्टेंबर संपताना १८.३०. नोव्हेंबरात १८.००, १७.५५. मधेच एक ओळ, 'पाऊस, दिवसभर बंद'. लक्ष्मीपूजनाला, '१७.१५, बंद'. काही ठिकाणी 'बंद'च्या ऐवजी 'संथ'.

पाच महिन्यांत मी त्यांना शंभर गोष्टी विचारल्या असतील, वही आहे का हे विचारलं नव्हतं. त्यांनीही दाखवली नव्हती. "तू थांबतोस कुठे बघायला?" म्हणाले.

वेळ सरकत होती आणि सूर्यास्ताबरोबर सरकत होती, एवढं मला कळलं. कळलं म्हणून मी हुशार ठरलो असं मात्र नाही, कारण माझं डोकं गेलं रस्त्यावरच्या दिव्यांकडे. आमची ड्रॉप केबल गल्लीतल्या खांबावरून गच्चीवर येते आणि तिथून खाली या घरात उतरते. दिवे लागले की खांबावर काहीतरी होत असणार. फायबर म्हणजे काच. तिला विजेचं सोयरसुतक नाही, हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. तरी मी खिडकीत उभा राहून खाली दिवे कधी लागतात ते बघत होतो. ओएनटीतून कनेक्टर काढून पॉवर मीटरला, म्हणजे केबलमधून किती प्रकाश येतो ते मोजणाऱ्या यंत्राला, लावला होता, मीटर हातात. मायनस २१.३. झकास.

काकूंनी देवापाशी दिवा लावला, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सरक रे जरा. डास येतील."

मी सरकलो. त्यांनी स्लायडिंगची काच सर्रकन ओढली, कडी लागल्याचा आवाज आला, आणि माझ्या हातातला आकडा मायनस २९ झाला.

"काकू, उघडा."

"अरे डास..."

"एकदा उघडा हो!"

मायनस २१.३. लावा. मायनस २९. कडी न लावता नुसती टेकवा म्हटलं, तर मायनस २७ च्या आसपास आकडा थरथरत राहिला. काका चष्मा लावून मीटरवर वाकले होते. "म्हणजे संथ," ते म्हणाले. कडी नीट बसली की 'बंद', अर्धवट टेकली की 'संथ'. वहीतले दोन्ही शेरे माझ्यासमोर हलत होते.

हे आकडे उणे असतात म्हणून लोकांना लक्षात येत नाहीत. मोजमाप डेसिबलचं, आणि आकडा दर ३ डीबी खाली गेला की प्रकाश निम्मा होतो. २१ चे २९ झाले म्हणजे सहावा हिस्सा उरला. आमच्या ओएनटीला मायनस २७ पर्यंत वाचता येतं; त्या सीमेवर डेटा जातो, पण चुका होत जातात, तीच पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात आणि नेट रांगतं. त्याखाली अंधार.

दिवाणखान्यातले दिवे घालवले आणि लाल लेसरचं पेन केबलच्या टोकाला लावलं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, ॲल्युमिनियमच्या पट्टीत, तुळशीच्या कुंडीमागे पांढऱ्या केबलवर लाल ठिपका निखाऱ्यासारखा पेटला. काच सरकून तिथे येऊन बसायची आणि केबलला काटकोनात मुडपायची. फायबर तुटलेलं नव्हतं. वाकलं की त्यातला प्रकाश वळणावर बाहेर सांडतो, आणि सरळ झालं की पुन्हा जागच्या जागी वाहतो. दिवसा खिडकी उघडी, नेट ठणठणीत. पाऊस आला की खिडकी बंद, फटाक्यांच्या धुराला खिडकी बंद.

"ही खिडकी नवीन आहे का?"

"जुलैत बसवली. आधीची लाकडाची पार कुजली होती."

"काका, मी तुम्हाला ऑगस्टमध्ये विचारलं होतं, घरात काही काम काढलं होतं का म्हणून."

"काम नव्हतं रे, खिडकी होती."

यावर मी काय बोलणार? खिडकी बसवणाऱ्याने केबल चौकटीत घेतली, वर सिलिकॉन मारलं आणि तो गेला. त्याचीही चूक म्हणवत नाही. त्याच्या लेखी ती एक वायर होती. आणि मूळ केबल खिडकीतून आत घेणारा मीच. तेव्हा नवा रंग दिला होता, म्हणून काकांनी भिंतीला भोक पाडू दिलं नव्हतं.

या वेळी भोकाला काका पुन्हा तयार नव्हते. काकू आतून म्हणाल्या, "पाड रे तू. रंगाचं मी बघते." चौकटीशेजारी बाहेरच्या बाजूला उतरतं भोक घेतलं, म्हणजे पाणी आत येत नाही, आणि केबल बाहेर जरा सैल लोंबती ठेवली. मुडपलेला तुकडा कापून टाकला, स्प्लाइस मारला, म्हणजे काचेची दोन टोकं मशीनने वितळवून जोडली. मशीनने तोटा ०.०२ दाखवला, मीटरने मायनस २०.९. खिडकी लावली, उघडली, आपटली. आकडा हलला नाही.

वायफायचं रडगाणं त्यानंतर वेगळं होतंच. बेडरूममध्ये ६ एमबीपीएस. राउटर लोखंडी कपाटामागे, वर क्रोशाचं झाकण, झाकणावर छोटा गणपती. लेकीने ऑनलाइन मागवलेला रिपीटर त्याच कपाटाच्या पलीकडे लावलेला, म्हणजे ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो निरोप पुढे देत होता. २.४ गिगाहर्ट्‌झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची सत्तावीस नेटवर्क दिसत होती, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटर कपाटाच्या डोक्यावर ठेवला, टीव्ही आणि काकांचा फोन ५ गिगाहर्ट्‌झवर घेतला, रिपीटर काढून बेडरूमपर्यंत लॅन केबल ओढून जुना राउटर तिकडे लावून दिला. गणपती काकूंनी देव्हाऱ्यात नेला.

आठला लेकीचा कॉल आला. पूर्ण चेहरा. काकूंनी पहिली बातमी दिली ती खिडकीची.

मी बॅग भरली, तिकीट उघडलं. "काका, ओटीपी आला असेल, सांगता?"

काकांनी मोबाइल बघितला, वही उघडली, तारीख घातली, २०.१२ लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

"तीनदा दिलाय तुला," ते म्हणाले. "उद्या दिवे लागले की फोन कर."