पाय न आपटणारा कॅडेट

तो गुडघा दाखवायला आला होता. डावा, आतल्या बाजूने, 'थोडंसं' दुखतंय म्हणाला. लष्करी अकादमीच्या (कुठल्या ते लिहीत नाही) फिजिओथेरपी विभागात 'थोडंसं' ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. बाहेरचा पेशंट दुखणं वाढवून सांगतो, कॅडेट निम्म्यावर आणून सांगतो.

गुडघ्यात काही नव्हतं. सूज नाही, पाणी नाही, लिगामेंट घट्ट, सांध्याच्या रेषेवर दाबलं तरी चेहरा कोरा. मग उताणं झोपवलं, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं. असं केलं की मांडीचं हाड खुब्यात आत फिरतं. त्याचा श्वास अडकला. डाव्या पायावर उभं केलं तर कंबरेची उजवी बाजू खाली झुकली. एका पायावर उडी मारायला लावण्याची एक तपासणी असते, पण खुब्याचा संशय असेल तर ती करायची नाही. चीर गेलेलं हाड त्याच उडीत सरकू शकतं. त्याला लगेच व्हीलचेअरवर बसवून एक्स-रेला पाठवलं.

एक्स-रे स्वच्छ आला. पहिले दोन-तीन आठवडे तो बहुतेक वेळा स्वच्छच येतो आणि नेमकं तिथेच 'स्नायू आखडला, तीन दिवस पीटी माफ' असं लिहून लोक मोकळे होतात. एमआरआयसाठी भांडावं लागलं. त्यात मांडीच्या हाडाच्या मानेवर, वरच्या बाजूला, रेघ होती.

वरची की खालची, यावर सगळं ठरतं. खालच्या बाजूला हाड दाबलं जातं. तिथली चीर मानेच्या निम्म्या रुंदीपेक्षा कमी असेल तर कुबड्या घेऊन, पायावर वजन न टाकता, सहा ते आठ आठवड्यांत बहुधा भरून येते. वरच्या बाजूला हाड ताणलं जातं, चीर उघडत जाते. ती सरकली तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि विशीतल्या मुलाला कृत्रिम खुब्याचा विचार करावा लागतो. त्याला स्क्रू बसवले. हाड सरकलं नव्हतं.

मग गुडघा का दुखत होता? खुब्याचं दुखणं नसेच्या वाटेने गुडघ्यात उतरतं, हे एक कारण. दुसरं त्यानेच सांगितलं, ऑपरेशननंतर, मी मराठी आहे हे कळल्यावर. "जांघेत दुखतंय असं लेडी फिजिओला कसं सांगायचं, मॅडम?" वडील निवृत्त सुभेदार. घरी पाय मुरगळला तरी 'चाल, बरा होईल' एवढाच उपचार. दुखणं सुरू झालं तेव्हा इंटर-कंपनी क्रॉस-कंट्री, म्हणजे कॅडेटांच्या तुकड्यांमधली लांब पल्ल्याची शर्यत, तोंडावर होती. एक जण कमी झाला की गुण सगळ्या कंपनीचे जातात आणि त्याचा हिशेब रात्री बरॅकमध्ये होतो. शेजारच्या खोलीतून आयबुप्रोफेनच्या, म्हणजे दुखणं दाबणाऱ्या, गोळ्या मिळाल्या. त्या खाऊन तो धावला.

हाडाचं गणित साधं आहे. भार वाढला की हाड आधी झिजतं आणि मग नवं भरतं. भरणं मागून येतं. स्पर्धा परीक्षेसाठी दोन वर्षं खुर्चीत बसलेला मुलगा एकदम बूट, पाठीवर पिठ्ठू आणि 9 फुटी खड्ड्यावरून उड्या यांत पडतो. प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांत झीज पुढे असते, भरणं मागे. तेव्हा पंधरा दिवस धावणं कमी केलं तर चीर पडण्याआधीच गोष्ट संपते. पण त्यासाठी मुलानं बोलायला हवं आणि बोलणाऱ्याला तिथे 'शर्कर', म्हणजे कामचुकार, म्हणतात.

रिपोर्टमध्ये दुखणं कधी सुरू झालं ते लिहावं लागतं. तो म्हणाला, चार-पाच दिवस. ते खोटं होतं, हाड तसं सांगत नव्हतं. खरी तारीख मिळाली शिक्षेच्या नोंदवहीत. 'सावधान'मध्ये आणि 'पीछे मुड़'च्या शेवटी डावा पाय उचलून जोरात आपटायचा असतो. त्याच्या नावापुढे तीन आठवड्यांत तीनदा एकच शेरा होता: ड्रिलमध्ये ढिलाई, डावा पाय आपटत नाही. शिक्षा एक्स्ट्रा ड्रिल. म्हणजे पिठ्ठू घालून तोच पाय आणखी आपटणं.

उस्तादांशी, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्यांशी, बोलले. "मॅडम, पाँव बचा रहा था, मैंने सोचा नखरे हैं." माझ्या आधी तीन आठवडे, मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून, शंभर जणांत त्यांना ते दिसलं होतं. इतक्या बारकाईने चाल बघणारं आमच्या विभागात कोणी नाही. त्यांच्या हातातल्या वहीत मात्र शिक्षेचाच रकाना होता.

सगळा दोष मर्दानगीवर टाकला की लेख सोपा होतो, पण मुलं हिशेबीही असतात. प्रशिक्षणात कायमचं अपंगत्व येऊन घरी गेलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण त्याला कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळालेलं नसतं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. 1985 पासूनचे असे सुमारे 500 कॅडेट आहेत. त्यानंतर कुठे त्यांना माजी सैनिकांची आरोग्य योजना लागू झाली. हे बरॅकमध्ये सगळ्यांना पाठ असतं.

मुली आल्या की हे वातावरण निवळेल, असं लोक म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएत त्या 2022 मध्ये आल्या आणि पहिल्या 17 जणी 30 मे 2025 रोजी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. आमच्याकडच्या मुली दुखणं मुलांपेक्षा जास्त लपवतात. मुलाचं हाड मोडलं तर तो कच्चा, मुलीचं मोडलं तर मुलीच कच्च्या. त्यात 'तेज चल' म्हणजे मिनिटाला 120 पावलं, प्रत्येक पाऊल 30 इंचांचं. उंची कमी असेल तर ओढून टाकलेलं पाऊल ओटीपोटाच्या हाडावर येतं. ब्रिटनच्या हवाई दलात याच 30 इंचांपायी जायबंदी झालेल्या तीन महिला रिक्रूटना 2013 मध्ये भरपाई मिळाली. उंचीप्रमाणे तुकड्या पाडायला एक पैसा लागत नाही.

कुबड्यांवर चालायला शिकवताना त्याने विचारलं, "पण मॅडम, हेच मी बॉर्डरवर केलं असतं तर शाबासकी मिळाली असती ना?"

"तिथे तू मध्येच कोसळला असतास," मी म्हटलं, "आणि तुला उचलायला तुझीच चार माणसं लागली असती."

"आठ," तो म्हणाला. "स्ट्रेचरला बदली लागते."

हे त्याला चोख पाठ होतं. तरीही तो धावला. मला अजून कळत नाही, आम्ही त्याला कमी शिकवलं की जास्त.

त्याची एक टर्म गेली. शिक्षेच्या वहीची प्रत दर आठवड्याला दवाखान्यात यावी असा अर्ज मी दिला. शिस्तीचे कागद वैद्यकीय विभागाला देता येत नाहीत, असं उत्तर आलं. उस्ताद मात्र आता शनिवारी चहाला येतात आणि कोणाचा पाय हलका पडतोय ते तोंडी सांगून जातात.