आईच्या फोनमधले डॉक्टर

आईने मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद केल्याचं मला कळलं तेव्हा तिची उपाशीपोटीची साखर २४० होती. कारण फोनमधले एक 'डॉक्टर'. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, ३० दिवसांत मधुमेह मुळासकट. व्हिडिओवर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'प्रायोजित'.

गोळ्या दुसऱ्या दिवशीच सुरू केल्या. जाहिरात हटवायला मात्र जवळपास दोन महिने गेले.

मी पहिली चूक केली ती जाहिरात दिसताच 'रिपोर्ट' दाबण्याची. तसं केलं की ती आपल्यापुरती गायब होते आणि पुरावाही तिच्यासोबत जातो. दोन दिवसांनी उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. मग ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा फॉर्म भरायला घेतला, तर त्यात जाहिरातीची लिंक सक्तीची. लिंक आणू कुठून? माझ्या फोनवर ती जाहिरात येईचना. ती साठीच्या पुढच्यांनाच दाखवत असावेत. मग रोज संध्याकाळी आईचा फोन घेऊन स्क्रोल करत बसायचं. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आले का गं तुझे डॉक्टर?" नऊ दिवस आले नाहीत. दहाव्या दिवशी आले, तर मी स्क्रीनशॉट घेईपर्यंत आईचं बोट लागून पान वर सरकलं. त्या रात्री मी तिच्यावर उगाच ओरडले.

शेवटी भाचीने दाखवलं, जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत लिंक कॉपी करता येते. हे आधी करा, रिपोर्ट नंतर. स्क्रीन रेकॉर्डिंग चालूच ठेवा आणि पानाचं नाव लिहून घ्या, ते बदलत राहतं.

फॉर्ममध्ये 'फसवणूक' एवढंच लिहू नका. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, औषधाने तो बरा होतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, हे लिहा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा लागतो; माझ्या वेळी ती मुदत १५ दिवसांची होती, फेब्रुवारी २०२६ पासून ७ दिवसांची झाली. मला चौदाव्या दिवशी तेच उत्तर आलं, शब्दन् शब्द.

लोकांनी टाकलेल्या मजकुराला आम्ही नुसती जागा देतो, म्हणून त्याची जबाबदारी आमच्यावर नाही, आम्हाला आयटी कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण, असं या कंपन्या म्हणतात. अहो, इथे जागेचं भाडं घेतलंत, कोणाच्या दारात पाटी लावायची तेही तुमच्याच यंत्राने ठरवलं. मग नुसती भिंत कशी?

तो नकाराचा मेल जपून ठेवा. त्याच्या जोरावर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. मी गेले, आणि अकराव्या दिवशी जाहिरात उतरली.

आठवड्याने स्वयंपाकघरातून हाक आली. "अगं, डॉक्टर परत आलेत. या वेळी गुडघेदुखीवर. लिंक घेतलीय मी."